सतरा नंबरच्या गाडीतली तान

दिगू,

मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहायला मला सांगितलंय. सेक्रेटरी म्हणाले, "सुधाकरराव, जन्म, शिक्षण, नोकरी, मंडळाच्या नाटकांतली कामं, असं क्रमानं येऊ द्या. आणि जरा गंभीर लिहा हं." मी गंभीर लिहायचं! तू समोर असतास तर चहा नाकातून बाहेर आला असता तुझ्या. इतकी वर्षं आपण गणपतीत नाटकं केली, त्यात मरणाचा प्रवेश माझ्या वाट्याला एकदाच आला, आणि मेल्यावर खाज सुटली म्हणून मी नाक खाजवलं, तर सगळं सभागृह टाळ्या पिटायला लागलं. विंगेत उभा राहून तू करुण आलाप घ्यायचा होतास. तू हसलास. तेही सुरात.

तेव्हा क्रमानं वगैरे माझ्याकडून होणार नाही. ज्यांना तुझी जन्मतारीख हवी असेल त्यांनी शैलावहिनींना विचारावी. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि चारचौघांदेखत बोलायचंय. का, ते पुढे येईलच.

आपल्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर बेचाळीस चौकोन आहेत. प्रत्येक चौकोनात एक बस, आणि बसमध्ये ड्रायव्हरचं तोंड. तीन आठवडे झाले, सतरावा चौकोन काळा आहे. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून येतं: 'चालक दिगंबर. संपर्काची वाट पाहत आहे.' मी इंजिनियरला फोन करून म्हटलं, हे काढा. तो म्हणाला, काढतो सर. अजून काढलेलं नाही. सकाळी दार उघडून दिवा लावायच्या आधी अंधारात तेवढं एकच वाक्य चमकत असतं. नाटकात असतं तर मी म्हटलं असतं, प्रकाशयोजना फार भडक आहे, जरा कमी करा.

कॅमेरे आले तो दिवस आठवतो ना? पुण्याहून आलेला तो इंजिनियर, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, आणि समोर आपले बेचाळीस इंदोरी ड्रायव्हर. तो समजावतोय, "हा कॅमेरा तुमच्या चेहऱ्याकडे बघणार. जांभई दिली, फोन हातात घेतला, मान कलली, तर लगेच इशारा देणार. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे." आणि मागून कैलास म्हणतो, "भिया, घरवाली भी यही बोल के देखती रहती है."

मग पूजा झाली. नवी वस्तू गाडीत आली आणि पूजा नाही, असं आपल्या यार्डात कधी झालंय? नारळ फुटले, उदबत्त्या लागल्या, आणि कैलासने भक्तिभावानं कुंकवाचं बोट उचलून थेट कॅमेऱ्याच्या काचेवर टेकवलं. दोन दिवस माझ्या भिंतीवरच्या एका चौकोनात कैलास लालभडक दिसत होता. स्टिअरिंग लाल, हात लाल, तोंड लाल. आम्ही पोट धरून हसलो. तू मात्र भिंतीजवळ जाऊन ते चित्र जरा जास्तच वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "पुसायला सांग रे त्याला. बरं दिसत नाही."

मीही हसण्यावारीच नेलं. तुझं बोलणं हसण्यावारी नेण्यात माझा हातखंडा होता.

तुला तो कॅमेरा पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पहिल्या दिवशी तू त्यावर रुमाल टाकलास, दुसऱ्या दिवशी लिंबू-मिरची लटकवलीस, तिसऱ्या दिवशी तिवारीजींनी, म्हणजे आपल्या मॅनेजरनी, तुला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर येऊन तू मला म्हणालास, "सुध्या, सव्वीस वर्षं झाली, गाडीला ओरखडा नाही माझ्या. आता हे डबडं मला शिकवणार?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "डबडं नाही दिगूभिया, मी आहे तिथे. त्या काचेच्या पलीकडे मी बसलोय." मला ते वाक्य फार आवडलं होतं. नंतर मी ते बऱ्याच जणांना ऐकवलं.

आता वाचणाऱ्यांसाठी जरा यंत्र समजावतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सुरुवातीला यंत्राला काही शंका आली की गाडीतच भोंगा वाजायचा. पण त्याला शंका फार यायच्या. पेरू खाल्ला तरी जांभई, शिंक आली तरी जांभई, समोरच्या रिक्षावाल्याला शिवी दिली तरी जांभई. ड्रायव्हर वैतागले. मग असं ठरलं की जांभईचा इशारा आधी कंट्रोल रूममध्ये माझ्याकडे यावा. दहा सेकंदांचं चित्र यायचं, मुकं, आवाजाशिवाय. खाली दोन बटणं, 'खरा' आणि 'खोटा'. 'खरा' दाबलं की गाडीत भोंगा वाजणार आणि माझ्या माइकवरून मी ड्रायव्हरशी बोलणार. 'खोटा' दाबलं की विषय संपला. आणि इंजिनियर जाताना म्हणाला होता, "सर, तुम्ही जे बटण दाबाल त्यावरून हे शिकत जाणार. सगळ्या गाड्यांना मेंदू एकच आहे. तुम्ही त्याचे गुरुजी."

मला गुरुजी म्हणालेला तो आयुष्यातला पहिला माणूस.

आणि गुरुजींकडे सगळ्यात जास्त इशारे यायचे ते सतरा नंबरच्या गाडीतून, कारण तू गायचास. सुदामा नगरहून माणसं घेऊन हातोदच्या पुढे कारखान्यात सोडायची आणि सुटलेल्या पाळीची माणसं परत आणायची, हा तुझा रोजचा रस्ता, आणि गाडी रिकामी असली की तुझी मैफल. नाट्यगीतं, अभंग, मध्येच एखादा माळवी लोकगीताचा तुकडा. डोळ्यांवरून यंत्राला काही कळायचं नाही, कारण उन्हाचा तू काळा चष्मा लावायचास. त्याची सगळी भिस्त तुझ्या तोंडावर. तू तान घेतलीस की ते बिचारं घाबरायचं आणि मला हाक मारायचं, चालक सतरा, जांभई!

त्यातून आपला खेळ सुरू झाला. मुकं चित्र बघून तू काय गातोयस ते मी ओळखायचं, चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, आणि संध्याकाळी तू गाडी लावून आलास की चिठ्ठी तुझ्यासमोर धरायची. बरोबर निघालं तर जिलबी तुझ्याकडून, चुकलं तर माझ्याकडून. पहिल्या आठवड्यात मी सपाटून हरलो. मग तुझे ओठ वाचायला लागलो. महिन्याभरात अशी वेळ आली की तू म्हणायचास, "चेटूक करतोस काय रे? कॅमेऱ्याला कान फुटलेत?" मी मान वाकवून अभिवादन करायचो. दिगू, खरं सांगतो, नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नव्हता. बेचाळीस माणसांवर नजर ठेवायचं ते कोरडं काम, आणि त्यात दिवसातून चार वेळा तुझं मुकं गाणं यायचं.

प्रत्येक वेळी मी बटण दाबायचो, 'खोटा'.

आणि यंत्र शिकत होतं. हळूहळू इशारे कमी झाले. तुझे तर झालेच, बाकीच्यांचेही झाले. कधीकधी दुपारभर एकही हाक यायची नाही. तिवारीजी खूश, "सुधाकरजी, देखिए, ड्रायवर सुधर गए!" मी त्यांना म्हटलं, "ड्रायव्हर सुधरले नाहीत साहेब, यंत्राला गाणं कळायला लागलं." आणि त्या दिवशी मी सगळ्या ऑफिसला जिलबी वाटली. माझ्या शिष्यानं पहिली परीक्षा पास केली म्हणून.

त्या जिलबीचा एक तुकडा तू नुसता हातात धरून बसला होतास, खाल्ला नाहीस. संध्याकाळी आपण कृष्णपुऱ्याला नदीकाठच्या छत्र्यांच्या, त्या जुन्या समाध्यांच्या, पायऱ्यांवर बसलो, तेव्हा तू बोललास.

"सुध्या, ते हल्ली बोलत नाही."

"कोण?"

"तुझं डबडं."

"तुला त्रास होत होता ना? आता नाही बोलत तर त्याचंही दुःख?"

"ओरडायचं तेव्हा डोकं फिरायचं माझं. पण माणूस सरळ बसायचा. आता ते गप्प असलं की वाटतं, आपलं सगळं ठीक चाललंय. ठीक आहे का नाही, हे आपण आपलं बघतच नाही."

मी हात उंचावून नाटकी आवाजात म्हणालो, "भल्या माणसा, तू तक्रार करण्यासाठीच जन्मलास!" शेजारी बसलेली दोन पोरं हसली. मला टाळी मिळाली, आणि टाळी मिळाली की मी पुढचं ऐकत नाही, हे तुला माहीत होतं. तू नदीकडे बघत राहिलास. म्हणालास, "जाऊ दे. पुन्हा बोलू यावर."

त्यावर पुन्हा बोलणं झालंच नाही. तुझं उत्तर माझ्याकडे राहिलंय दिगू, आणि माझं उत्तर तुला कधीच मिळणार नाही.

आता त्या दिवसाचं.

सकाळी तू माझ्या खिडकीशी आलास. डोळे लाल, दाढी वाढलेली. वहिनींच्या आई दवाखान्यात होत्या, आणि त्यांच्या उशाशी तू बसत होतास, हे मला माहीत होतं. तू म्हणालास, "तीन दिवस धड झोप नाही रे. आज दुपारची फेरी कुणाला देतोस का?"

ड्यूटीचा तक्ता माझ्याच हातात होता. कैलास मोकळा होता. एक रेघ मारून एक नाव लिहायचं होतं.

मी म्हणालो, "अरे, एक फेरी तर आहे. जाताना गाडी रिकामी. आणि मी बघतोय ना तुला! डोळा लागला तर माइकवरून असा ओरडेन की हातोदच्या मंडीतले बैल उधळतील."

तू हसलास. "बघशील ना पण?"

"बघेन म्हणजे? माझा धंदा आहे तो."

"चल मग. भिया राम." आणि तू गेलास. 'बघशील ना' हे तू विनोदात म्हणालास की मनापासून, हे मी रोज वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघतो. नट आहे ना मी. कुठल्याच आवाजात ते विनोदी होत नाही.

दुपारी, सुटणाऱ्या पाळीला आणायला तू रिकामी गाडी घेऊन निघालास. माझ्यासमोर डबा उघडा होता. यंत्रानं हाक मारली, चालक सतरा, जांभई. मी घास तोंडात ठेवूनच वर बघितलं. तुझं तोंड उघडं, हनुवटी वर, काळा चष्मा. मला वाटलं, व्वा! झोप घालवायला गातोय पठ्ठ्या, आणि काय वरचा सूर लावलाय! चित्र मी पुन्हा लावून पाहिलं. झोप येते का ते बघायला नाही, गाणं ओळखायला. ओठांवरून मला एक अभंग वाटला. मी चिठ्ठी घेतली, त्याचं नाव लिहिलं, खाली लिहिलं, 'सूर चढा, पण लागला!' आणि बटण दाबलं.

'खोटा.'

चार मिनिटांनी सतरावा चौकोन काळा झाला. मला वाटलं नेटवर्क गेलं. त्या रस्त्याला जातंच.

ओढ्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर गाडी गेली होती. दुसरं कुणी जखमी झालं नाही, कारण गाडीत दुसरं कुणी नव्हतं. परतीच्या वाटेवर असतास तर चाळीस माणसं असती. लोक हे मला धीर द्यायला सांगतात. मला त्यानं धीर येत नाही.

तेराव्यानंतर तिवारीजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर कागद ठेवला. अपघाताचा अहवाल. 'यंत्रणा सुस्थितीत होती. चालकाने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.' खाली माझी सही हवी होती.

मी म्हटलं, "इशारा झालाच नाही साहेब. मी दाबलाच नाही."

ते खाली बघत म्हणाले, "सुधाकरजी, जाने वाला तो चला गया. आप क्यों अपने गले में घंटी बाँध रहे हो? कोई पूछेगा नहीं."

ते वाईट माणूस नाहीत, हे तुलाही माहीत आहे. मी सही केली नाही आणि नाहीही म्हणालो नाही. म्हटलं, उद्या देतो. आणि घरी न जाता कंट्रोल रूममध्ये जाऊन तुझ्या गाडीचं त्या दुपारचं सगळं चित्रण लावलं. मला आलेलं दहा सेकंदांचं नव्हे, अगदी सुरुवातीपासूनचं.

दिगू, तू कितीतरी वेळा जांभई दिली होतीस. एकामागून एक. दोनदा गालावर चापट मारून घेतलीस. एकदा तू कॅमेऱ्याकडे बघितलंस, सरळ, जणू काचेतून माझ्याकडेच. मान शेवटपर्यंत ताठ, डोळे चष्म्याआड, आणि यंत्र गप्प. मीच शिकवलं होतं त्याला, की हे तोंड उघडलं तर काही नसतं. इतक्या जांभयांतून एकदाच त्याला शंका आली, एकदाच त्यानं गुरुजींना विचारलं, आणि गुरुजी म्हणाले, खोटा.

तरीही, निर्लज्जपणे सांगतो, माझ्या मनात एक फट उरली होती. ती शेवटची दहा सेकंदं कदाचित खरंच गाणं असेल. मला ओठ कळतात. मी चुकत नाही. तेवढ्या एका फटीत बोट घालून मी दोन दिवस लटकलो. मग सुदामा नगरला तुझ्या घरी गेलो आणि फोनवर घेतलेलं ते चित्र वहिनींच्या हातात दिलं. वाटेत ठरवलेली सगळी वाक्यं दारातच विसरलो.

वहिनींनी चष्मा लावला. एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघायची त्यांना गरज पडली नाही.

"हे गाणं नाही भावजी."

"कशावरून?"

"यांचा वरचा दात पडलेला होता ना, डाव्या बाजूचा. खिडकी दिसते म्हणून लाजायचे. गाताना वरचा ओठ असा खाली ओढून धरायचे. स्टेजवर काय, मोरीत एकटे गात असले तरी तसंच. आमच्या लग्नापासून मी बघत्येय." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही बघा खिडकी. उघडी आहे."

इतकी वर्षं तुझ्याबरोबर स्टेजवर उभा राहिलो, महिनोन्‌महिने तुझे ओठ वाचले, जिलब्या जिंकल्या, आणि तुझा एक दात नाही हे मला माहीत नव्हतं.

"तुम्ही हे बघितलं होतं तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि?"

मी सगळं सांगितलं. सकाळी तू मागितलेली बदली. बटण. चिठ्ठी. यंत्राला मी काय शिकवलं ते. तिवारीजींचा कागद. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, त्यांनी उठून गॅस बंद केला आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

"मेंदू एकच आहे म्हणालात ना सगळ्या गाड्यांना?"

"हो."

"मग आज त्या गाड्या कोणाच्या भरवशावर गेल्यात?"

मला वाटलं होतं त्या मला हाकलतील. मी त्याची तयारीसुद्धा केली होती. हाकललं जाण्याचा प्रवेश मी चांगला केला असता. पण त्यांनी मला प्रवेशच दिला नाही. फक्त म्हणाल्या, "माझ्याकडे काय बसलात? जा."

मी गेलो. तिवारीजींच्या टेबलावर त्यांचा कागद परत ठेवला आणि शेजारी माझा, हातानं लिहिलेला. चालकाने विश्रांती मागितली होती, मी दिली नाही. इशारा आला होता, मी खोटा ठरवला. यंत्र माझ्यामुळे जांभया ओळखायचं विसरलंय, त्याच्यावर गाड्या सोडू नयेत. त्यांनी तो दोनदा वाचला. "आपकी नौकरी जाएगी," ते म्हणाले. मी म्हटलं, "जाऊ द्या. गाड्यांचं सांगा." ते म्हणाले, पुण्याला कळवतो, नव्यानं शिकवायला काही आठवडे लागतील, तोवर एक्केचाळीस गाड्या उभ्या करता येणार नाहीत, कारखाने ऐकणार नाहीत.

म्हणून मी यार्डात गेलो. पाळी बदलायची वेळ, सगळे ड्रायव्हर चहाला जमलेले. मी कट्ट्यावर चढलो. त्यांना वाटलं, आता भिया काहीतरी नक्कल करणार. दोघा-तिघांनी शिट्ट्याही मारल्या. मी त्यांना सांगितलं, त्या डब्यावर विसंबू नका. ते गप्प असलं तर त्याचा अर्थ तुम्ही जागे आहात असा नाही. मी त्याला चुकीचं शिकवलंय, आणि दिगूभिया त्यानं गेला. माझ्यानं गेला.

शिट्ट्या थांबल्या. कुणी शिवी दिली नाही, दिली असती तर बरं वाटलं असतं. कैलासनं चहाचा कप खाली ठेवला.

"भिया," तो हळूच म्हणाला, "कल मुझे हातोद तक चार-पाँच बार जम्हाई आई. वो बोला नहीं. तो मैंने सोचा, नींद नहीं है मुझे."

त्याच्या शेजारचा म्हणाला, "हओ. मैं भी यही सोचता हूँ."

आणि मग तिसरा. आणि चौथा. दिगू, तू पायऱ्यांवर बसून जे मला सांगत होतास, तेच ती माणसं एकेक करून मला सांगत होती. तू वेळेवर बोलला होतास आणि मी टाळी घेत होतो, एवढाच फरक.

नोकरी अजून गेलेली नाही. जाईल. अहवाल बदलला की नाही, ते मला अजून माहीत नाही. पण माझा कागद त्यात लागला असेल, आणि नसेल लागला तर हा अंक तरी आहे. मंडळाची साडेतीनशे घरं वाचतात. म्हणून चारचौघांदेखत. तू झोपलास हे खरं. पण तू झोप मागायला आला होतास आणि तुला परत पाठवणारा मी होतो, हे तुझ्या नावाच्या शेजारी छापलेलं असू दे.

कंट्रोल रूममध्ये आता दुसरी बसते, एक तरुण मुलगी, कडक आहे, पेरूलासुद्धा 'खरा' दाबते. सकाळी दार उघडून देण्यापलीकडे मी तिथे जात नाही. मी गाडीत बसतो. रोज एका गाडीत, पुढे, क्लीनरच्या जागेवर, रस्त्याकडे पाठ आणि ड्रायव्हरकडे तोंड करून. तिवारीजींनी पहिल्या दिवशी बघितलं आणि मान फिरवून आत गेले. एक्केचाळीस गाड्या उरल्यात आणि मी एक आहे. हा हिशोब मला कळतो. परत आलो की बाकीच्या गाड्या यार्डात शिरेपर्यंत मी फाटकाशी उभा राहून मोजत असतो.

आज सकाळी कैलासच्या गाडीत होतो. गाडी भरलेली, पहिल्या पाळीची माणसं, कुणी डबे मांडीवर घेऊन पेंगतंय, कुणी फोन बघतंय. हातोदच्या अलीकडे कैलासचा जबडा जरासा हलला. पूर्ण उघडलाही नाही.

"बाजूला घे," मी म्हणालो.

"अरे भिया, नींद नहीं है. कसम से."

"नसेल. तरी घे."

त्यानं गाडी बाजूला घेतली. खाली उतरून तोंडावर पाणी मारलं, दोन चकरा मारल्या. मागून माणसं ओरडायला लागली. उशीर झाला की कारखान्याचं गेट बंद होतं, हजेरी कापतात. चौथ्या रांगेतला एक जण तावातावानं पुढे आला आणि माझ्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाला, "रोज का नाटक है? आप हो कौन?"

मला उत्तर सुचलं नाही. मला, दिगू!

कैलास पायरीवर चढत होता, ओल्या तोंडानं. म्हणाला, "ये? ये अपना नया कैमरा है. पुराना वाला बोलता नहीं था."

सगळी गाडी हसली. तो बोट नाचवणारासुद्धा. मीही हसलो, तू गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी मोठ्यानं. कैलासनं गिअर टाकला, गाडी रस्त्याला लागली.

मी हसत होतो, पण त्याच्या तोंडावरून नजर काढली नाही.